नारळाचं पीठ: मैद्याच्या जागी मैद्याइतकंच का चालत नाही

केकच्या कृतीत १२० ग्रॅम मैदा लिहिलेला असतो. त्याऐवजी १२० ग्रॅम नारळाचं पीठ घालायचं आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं, हा प्रयोग बहुतेक जण एकदा तरी करतात. मग भांड्यात मिश्रण तयारच होत नाही. दूध, अंडी, लोणी, सगळं दोन-तीन मिनिटांत पिठात जिरून जातं आणि ओल्या वाळूसारखा भुसभुशीत ढीग उरतो. त्यात अंदाजाने दूध ओतत गेलं तर ते सैल होतं खरं, पण भाजल्यावर वरून गडद आणि आतून लगदा असा केक निघतो, आणि सुरी लावली की त्याचा चुरा होतो.

यात पिठाचा दोष नाही. मैदा पाणी पितो आणि बाकीच्या जिनसांना बांधूनही ठेवतो. नारळाचं पीठ मैद्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी पितं, पण बांधून ठेवायचं काम त्याच्याकडून होत नाही. एवढी एक गोष्ट नीट समजली की पुढची सगळी प्रमाणं पाठ करावी लागत नाहीत, ती आपोआप सुचतात.

हे पीठ कशाचं असतं

ओल्या नारळाचा चव वाटून दूध पिळून काढलं की चोथा उरतो. तो कमी आचेवर वाळवून बारीक दळला की नारळाचं पीठ होतं. दुधाबरोबर खोबऱ्यातलं बरंचसं तेल निघून गेलेलं असतं आणि मागे राहतो तो मुख्यतः तंतुमय भाग. विकतच्या पिठात साधारण १० ते १५ टक्के तेल, १७ ते २० टक्के प्रथिनं आणि ३५ ते ४० टक्के किंवा त्याहूनही जास्त तंतू असतात. मैद्यात तंतू जेमतेम अडीच-तीन टक्के असतात आणि पाऊण भाग पिष्ट असतो. नारळाच्या पिठात पिष्ट जवळजवळ नसतंच.

सुकं खोबरं किंवा डेसिकेटेड कोकोनट मिक्सरमध्ये फिरवलं तर पूड मिळते, पण ती पूड म्हणजे नारळाचं पीठ नव्हे. त्यात साठ टक्क्यांच्या आसपास तेल तसंच असतं. जास्त फिरवली तर ती पूड न राहता लोण्यासारखी चिकट होते. पाणी शोषण्याची ताकदही तिच्यात फार कमी असते. नारळाच्या पिठासाठी लिहिलेल्या कृतीत ही पूड घातली तर मिश्रण पाण्यासारखं पातळ राहतं आणि भाजताना तेल सोडतं. कृती बिघडण्याची ही सर्वांत साधी आणि सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे, म्हणून पाकिटावर काय लिहिलंय ते आधी वाचा.

इतर पिठांच्या शेजारी ठेवून पाहिलं तर

मैद्यात दोन बांधणाऱ्या गोष्टी असतात. पाणी लागून मळलं की त्यातली प्रथिनं एकमेकांत अडकून ग्लूटेनचं लवचिक जाळं होतं, आणि साधारण ६० अंश सेल्सियसच्या पुढे पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात व घट्ट बसतात. केक फुगताना हवेचे बुडबुडे धरून ठेवतं ते जाळं, आणि थंड झाल्यावर आकार टिकवतं ते पिष्ट. कणकेतही हेच घडतं, फक्त कोंड्याचे कण जाळ्याला मध्येमध्ये कापतात म्हणून पोत जरा जड येतो.

तांदळाच्या पिठात ग्लूटेन नाही, पण पिष्ट भरपूर आहे, त्यामुळे एक आधार तरी शाबूत असतो. ओट्समधले काही तंतू पाण्यात विरघळून चिकट होतात आणि थोडंफार बांधतात. बदामाच्या पिठात निम्मं तेलच असतं. ते पाणी कमी पितं आणि केक ओलसर ठेवतं, म्हणून मैद्याइतकंच घेतलं तरी ते बऱ्याच कृतींत चालून जातं.

नारळाच्या पिठात यातलं काहीच नाही. ग्लूटेन नाही, पिष्ट नाही, चिकटपणा नाही, केक ओला ठेवण्याइतकं तेलही नाही. त्यातले बहुतेक तंतू पाण्यात न विरघळणारे असतात. ते स्पंजासारखे पाणी आत घेतात, फुगतात आणि एकमेकांना न चिकटता सुटे सुटे राहतात. म्हणूनच बदामाच्या आणि नारळाच्या पिठाची सरळ अदलाबदल करता येत नाही. दोन्ही पिठं ग्लूटेनमुक्त, दोन्ही पाकिटं दुकानात एकाच फळीवर, पण स्वभाव अगदी उलटे. बदामाच्या १०० ग्रॅम पिठाच्या जागी नारळाचं ३० ग्रॅमच्या आसपास पीठ लागतं, आणि त्यासोबत अंडी व दूध वाढवावं लागतं.

मग आधार आणायचा कुठून? अंड्यातून. गरम झाल्यावर अंड्यातली प्रथिनं घट्ट होतात आणि फुगलेल्या तंतूंना जागच्या जागी धरून ठेवतात. नारळाच्या पिठाच्या केकचा सांगाडा खरं तर अंड्याचा असतो. पीठ त्यात भर घालतं, मऊपणा देतं, ओल धरून ठेवतं. हे लक्षात घेतलं की एवढ्याशा पिठाला चार-चार अंडी कशाला, असं वाटत नाही.

वजनकाटा हवाच

२४० मिलिलिटरच्या कपात नारळाचं पीठ साधारण ११० ते १२० ग्रॅम बसतं. पण ते गुठळ्या धरतं आणि दाबलं तर दबतं. त्यामुळे एकच कप कधी सैल भरतो, कधी गच्च, आणि अर्ध्या कपात दहा ग्रॅमचा फरक सहज पडतो. मैद्यात दहा ग्रॅम इकडेतिकडे झाले तर फारसं बिघडत नाही. इथे दहा ग्रॅम जादा पीठ म्हणजे जवळपास ४० मिलिलिटर ओल कमी पडणं. कपाने मोजून एकदा छान झालेला केक पुढच्या वेळी कोरडा का झाला, याचं उत्तर बहुतेकदा इथेच सापडतं.

दुसरी अडचण अशी की दोन पाकिटांतली पिठं सारखी नसतात. चोथा किती पिळला, किती वाळवला, किती बारीक दळला, त्यावर पिठाची तहान ठरते. नवं पाकीट उघडलं की पाच मिनिटांची एक चाचणी करून घ्या. वाटीत १० ग्रॅम पीठ घ्या, ४० मिलिलिटर कोमट पाणी घाला, ढवळा आणि पाच मिनिटं थांबा. पाणी पूर्ण जिरून चमच्यावर उभा राहील असा मऊ लगदा झाला, तर पीठ नेहमीचं आहे आणि खाली दिलेली प्रमाणं तशीच वापरता येतील. कडेला पाणी सुटलेलं दिसलं तर पीठ भरड किंवा तेलकट आहे, दूध पाचव्या हिश्शाने कमी करा. लगदा न होता कोरडे गोळे राहिले तर पीठ जास्त तहानलेलं आहे, दर ६० ग्रॅमला दोन मोठे चमचे दूध वाढवा.

प्रमाणाचं गणित

मैद्याची कृती बदलून घ्यायची असेल तर १२० ग्रॅम मैद्याच्या जागी ३० ते ४० ग्रॅम नारळाचं पीठ घ्या. अंड्यांचा हिशोब असा: दर १५ ग्रॅम पिठाला एक मोठं अंडं, म्हणजे कवच सोडून साधारण ५० ग्रॅम. ४० ग्रॅम पिठाला तीन अंडी झाली.

ओलीचा हिशोब त्याहून महत्त्वाचा आहे. अंड्यात तीन चतुर्थांश पाणीच असतं, तेव्हा चार अंड्यांमधून १५० मिलिलिटर पाणी आलेलं असतं. त्यात दुधातलं पाणी मिळवा. दोन्ही मिळून पिठाच्या वजनाच्या पावणेचार ते चार पट ओल बसली पाहिजे. ६० ग्रॅम पिठाला २२५ ते २४० मिलिलिटर. केळ्याचा किंवा सफरचंदाचा गर घातला तर त्यातलं पाणीही यात धरायचं. पिकलेल्या केळ्यात तीन चतुर्थांश पाणी असतं, म्हणून १०० ग्रॅम केळं घातलं की दूध ७० मिलिलिटरच्या आसपास कमी करावं लागतं. हे न केल्यामुळेच केळ्याचे केक आतून चिकट राहतात.

कोको पावडरही पाणी पिते आणि तीही बांधत नाही. १५ ग्रॅम कोको घातलीत तर नारळाचं पीठ १० ग्रॅम कमी करा किंवा दूध ३० मिलिलिटर वाढवा.

मूळ केक: एकदा असाच करून पाहा

पहिल्या वेळी बदल न करता हा केक करावा. मिश्रण कसं दिसतं, कसं दाटतं, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढे दुसरी कोणतीही कृती हाताळता येते.

साहित्य: नारळाचं पीठ ६० ग्रॅम, मोठी अंडी ४, वितळवलेलं लोणी ७० ग्रॅम, साखर ९० ग्रॅम, दूध ८० मिलिलिटर, बेकिंग पावडर १ छोटा चमचा, मीठ पाव छोटा चमचा, व्हॅनिला १ छोटा चमचा, एका लिंबाची किसलेली साल. एवढ्यात आठ मफिन होतात किंवा १५ सेंटिमीटर व्यासाचा एक गोल केक होतो.

१. अंडी आणि दूध तासभर आधी बाहेर काढून ठेवा. थंड अंड्यात वितळलेलं लोणी पडलं की ते गोठतं आणि मिश्रणात दाणे दिसतात. लोण्याऐवजी खोबरेल तेल वापरत असाल तर हे कटाक्षाने पाळा, कारण ते २४ अंशांच्या आसपासच घट्ट होतं.

२. ओव्हन १७५ अंश सेल्सियसवर तापत ठेवा. केकच्या भांड्याच्या तळाला आणि कडांना बेकिंग पेपर लावा. नुसतं लोणी फासून भागत नाही, या केकला ताण सहन होत नाही आणि तळ भांड्यालाच राहतो. मफिनसाठी कागदी कप घ्या.

३. पीठ, मीठ आणि बेकिंग पावडर बारीक चाळणीतून दोनदा चाळा. या पिठाच्या गुठळ्या ओल्या मिश्रणात आपसूक फुटत नाहीत. वरून ओल्या आणि आतून कोरड्या राहतात आणि केकमध्ये पांढरे ठिपके दिसतात.

४. दुसऱ्या भांड्यात अंडी आणि साखर फेस येऊन रंग फिका होईपर्यंत फेटा. इलेक्ट्रिक बीटरने दोन-तीन मिनिटं पुरतात. मग लोणी, दूध, व्हॅनिला, लिंबाची साल घाला.

५. कोरडं पीठ एकदमच घाला आणि नीट फेटा, अर्धा मिनिट तरी. मैद्याच्या केकला जास्त फेटू नका असं सांगतात, कारण ग्लूटेन वाढून केक चिवट होतो. इथे ग्लूटेनच नाही, त्यामुळे ती भीती नाही. कमी फेटलं तर मात्र गुठळ्या राहतात.

६. आता दहा मिनिटं हात लावू नका. ही पायरी गाळू नका. पीठ घातल्या घातल्या मिश्रण इतकं पातळ दिसतं की हात आपोआप पिठाच्या डब्याकडे जातो. तिसऱ्या मिनिटाला ते किंचित दाटतं. पाचव्या मिनिटाला चमच्याने ओढलेली रेघ क्षणभर टिकते. दहाव्या मिनिटाला ते घट्ट दह्यासारखं होतं, चमचा तिरका केला की धारेने न पडता गोळ्याने घसरतं. तंतूंच्या आत पाणी शिरायला एवढा वेळ लागतोच. सुरुवातीला पातळ वाटलं म्हणून चमचाभर पीठ जास्त घातलं, तर तेच भाजल्यावर घशात अडकणारा कोरडेपणा होऊन बाहेर येतं. दहा मिनिटांनंतरही मिश्रण धारेने पडत असेल तर छोटा चमचाभर पीठ घाला आणि पुन्हा पाच मिनिटं थांबा. पिठल्यासारखा गोळा झाला असेल तर एकेक मोठा चमचा दूध घाला.

बेकिंग पावडरचा मोठा जोर ओव्हनच्या उष्णतेने येतो, तेव्हा हे थांबणं तिला चालतं. खाण्याचा सोडा आणि दही किंवा लिंबाचा रस वापरणार असाल तर गोष्ट वेगळी. सोडा आंबटाला लागला की लगेच वायू सुटतो आणि दहा मिनिटांत निम्मा जोर निघून जातो. म्हणून सोडा शेवटी, मिश्रण दाटल्यावर, चाळणीतून भुरभुरवून पटकन ढवळा आणि भांडं लगेच ओव्हनमध्ये ठेवा. ६० ग्रॅम पिठाला पाव छोटा चमचा सोडा पुरतो.

७. मिश्रण भांड्यात घालून वरचा भाग ओल्या चमच्याने सपाट करा. मैद्याचं मिश्रण ओव्हनमध्ये स्वतः पसरून समतल होतं. हे होत नाही, जसं ठेवाल तसंच भाजलं जातं.

८. मफिन २० ते २२ मिनिटं, केक ३० ते ३५ मिनिटं भाजा. नारळाच्या पिठाचा वरचा थर लवकर तांबूस होतो. २० मिनिटांनी केकचा रंग पुरेसा आला असेल तर वर ॲल्युमिनियम फॉइल सैलसर झाका.

९. शिजला की नाही हे नुसत्या काडीवरून ठरवू नका. ओल तंतूंनी धरून ठेवलेली असते, त्यामुळे आत कच्चं असतानाही काडी बऱ्यापैकी स्वच्छ येते. मध्यभागी बोटाने हलकं दाबा. खळगा लगेच भरून आला पाहिजे, आणि दाबताना ओला आवाज येता कामा नये. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९५ अंशांच्या आसपास तापमान हवं.

१०. भांड्यातच १५ मिनिटं राहू द्या, मग जाळीवर काढा आणि पूर्ण गार झाल्यावरच कापा. गरम असताना लोणी पातळ असतं आणि अंड्याची पकड अजून सैल असते. तासाभराने तोच केक सुरीखाली स्वच्छ कापला जातो.

मोठा केक हवा असेल तर दुप्पट मिश्रण एकाच खोल भांड्यात घालू नका. कडा कोरड्या होतात तरी मधला भाग शिजत नाही, आणि बाहेर काढल्यावर खचतो. दोन उथळ भांड्यांत भाजून एकावर एक ठेवा.

काय बिघडलं, ते कसं ओळखायचं

केक कोरडा आणि भुसभुशीत झाला तर पीठ जास्त पडलं किंवा ओल कमी पडली. पण कोरडेपणा दोन प्रकारचा असतो. घास तोंडात फुगल्यासारखा वाटून गिळताना पाणी प्यावंसं वाटलं तर दूध कमी आहे. घास ओलसर आहे, तरीही तुकडा हातात धरता धरता सुटतोय, तर ओल पुरेशी आहे, अंडं कमी आहे. पहिल्यात दूध वाढवलं की भागतं. दुसऱ्यात दूध वाढवलं तर आणखी बिघडतं, तिथे आणखी एक अंडं घालायचं आणि तेवढं दूध कमी करायचं.

मधला भाग ओला आणि डिंकासारखा राहिला तर बहुतेकदा ओल जास्त झालेली असते, भाजणं कमी पडलेलं नसतं. अशा वेळी नुसता वेळ वाढवल्याने कडा करपतात. पुढच्या वेळी २० ते ३० मिलिलिटर दूध कमी करा आणि भांडं उथळ घ्या.

खाताना वाळूसारखं लागलं तर पीठ भरड आहे किंवा दहा मिनिटं थांबलं नाही. भरड पीठ मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवून पुन्हा चाळा. तरी चाळणीत कण राहिले तर ते पीठ दुधात २० मिनिटं भिजवून वापरा.

अंड्याचा वास येतो ही तक्रार खरी आहे आणि ती पूर्ण घालवता येत नाही, कारण अंडी खरोखरच जास्त असतात. कमी मात्र करता येते. लिंबाची किंवा संत्र्याची साल, कोको, दालचिनी, कॉफी यांपैकी काहीतरी ठळक हवंच. नुसत्या व्हॅनिलावर भागत नाही. जास्त भाजलेल्या अंड्याचा वास अधिक उग्र होतो, तेव्हा शिजल्यावर दोन मिनिटं जास्त ठेवण्याचा मोह टाळा. चारपैकी दोन अंड्यांचा नुसता पांढरा भाग घ्यावा असा सल्ला ऐकू येतो. त्याने वास थोडा कमी होतो, पण केक कोरडा होतो. बलकातलं तेलच मऊपणा देत असतं. तसं करायचंच असेल तर लोणी २० ग्रॅम वाढवा.

साखर कमी केल्यावर केक कोरडा झाला, असंही होतं. साखर फक्त गोडीसाठी नसते, ती विरघळून ओल धरते. या पिठाला स्वतःची हलकी गोडी असते, त्यामुळे ९० ऐवजी ७० ग्रॅम साखर सहज चालते. त्याखाली गेलात तर चमचाभर दूध वाढवा. मध वापरला तर दूध २० मिलिलिटर कमी करा आणि ओव्हन १६५ वर ठेवा, मधामुळे रंग आणखी लवकर चढतो.

अंडं नको असेल तर

नुसत्या नारळाच्या पिठाचा, बिनअंड्याचा, उंच फुगलेला केक होत नाही. तीन मोठे चमचे पाण्यात एक मोठा चमचा जवसाची पूड भिजवली की ती एका अंड्याच्या जागी चालते असं सांगतात, आणि मैद्याच्या केकमध्ये ती चालतेही, कारण तिथे सांगाडा मैद्याचा असतो. इथे अंडं हाच सांगाडा आहे. जवसाचा चिकट द्रव ओल वाढवतो, पण गरम झाल्यावर अंड्यासारखा घट्ट होत नाही. चार अंड्यांच्या जागी चार वेळा जवस घातला तर भांड्यात गरम लापशी उरते.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे बांधण्याचं काम दुसऱ्या पिठाला देणं. एकूण पिठात नारळाचं पीठ पाचव्या हिश्शापर्यंत ठेवा, बाकी मैदा किंवा कणीक. ग्लूटेन नको असेल तर तांदळाचं पीठ आणि टॅपिओका स्टार्च निम्मं निम्मं घ्या. ग्लूटेनमुक्त मिश्रणात दर १०० ग्रॅम पिठाला एक छोटा चमचा इसबगोल किंवा अर्धा छोटा चमचा झँथन गम (मिश्रणाला चिकटपणा देणारी पूड) घाला. हा केक अंड्याच्या केकइतका हलका होत नाही, पण कापता येतो आणि दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो.

थोडंसं मिसळून वापरणं

माझ्या मते बहुतेक घरांसाठी या पिठाचा सर्वांत शहाणा उपयोग हाच आहे. मैद्याच्या कोणत्याही केकमध्ये १२० ग्रॅमपैकी २० ग्रॅम काढून तेवढंच नारळाचं पीठ घाला आणि दूध २५ मिलिलिटरने वाढवा. मिश्रण पाच मिनिटांनी नेहमीपेक्षा घट्ट वाटलं तर आणखी १० ते १५ मिलिलिटर. अंडी वाढवावी लागत नाहीत. केकला मंद खोबऱ्याची चव येते आणि तो एक दिवस जास्त ओलसर राहतो.

यीस्टच्या ब्रेडमध्ये दहा टक्क्यांच्या पुढे जाऊ नका. तंतू ग्लूटेनच्या जाळ्याला कापतात आणि त्याच्या वाट्याचं पाणी स्वतः पितात, म्हणून ५०० ग्रॅमला ५० ग्रॅम ही मर्यादा. हे ५० ग्रॅम पीठ आधी १०० मिलिलिटर पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा आणि मळून झालेल्या कणकेत शेवटी मिसळा. कोरडं घातलं तर मळताना कणीक ठीक वाटते आणि फुगायला ठेवल्यावर दगडासारखी घट्ट होते, कारण पीठ तोपर्यंत पाणी ओढत राहिलेलं असतं.

पॅनकेक आणि बिस्किटं

पॅनकेकसाठी ३० ग्रॅम पीठ, दोन मोठी अंडी, ५० मिलिलिटर दूध, एक मोठा चमचा तेल, अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर. दहा मिनिटं थांबा. आकार लहान ठेवा, ८ ते १० सेंटिमीटर, कारण मोठा पॅनकेक उलटताना हमखास मोडतो. आच मंद ठेवून झाकण घाला. मैद्याच्या पॅनकेकवर बुडबुडे फुटले की उलटायची वेळ झाली असं समजतात. इथे बुडबुडे फारसे येत नाहीत. कडा कोरड्या दिसू लागल्या आणि वरची चकाकी गेली की उलथनं पूर्ण खाली सरकवून उलटा.

बिस्किटांना ६० ग्रॅम पीठ, ६० ग्रॅम लोणी, ६० ग्रॅम साखर आणि दोन अंडी. दहा मिनिटं थांबून गोळे करा आणि हाताने अर्धा सेंटिमीटर जाडीचे चपटे करून ठेवा, ओव्हनमध्ये ते पसरत नाहीत. १७५ अंशांवर १२ मिनिटं भाजा, आणि ट्रेवर पूर्ण गार होईपर्यंत उचलू नका. ही बिस्किटं मऊच होतात. कुरकुरीत बिस्कीट हवं असेल तर ते या पिठाकडून होणारं काम नाही, तिथे तांदळाचं किंवा बदामाचं पीठ घ्या.

चोथ्यापासून घरी पीठ

नारळाचं दूध काढून उरलेला चोथा फडक्यात घालून जेवढा पिळता येईल तेवढा पिळा. ट्रेवर बेकिंग पेपर घालून त्यावर अगदी पातळ पसरा आणि ओव्हन ८० ते ९० अंशांवर ठेवा. दर २० मिनिटांनी हलवा. चोथ्याच्या ओलेपणानुसार दीड ते तीन तास लागू शकतात. रंग पांढराच राहिला पाहिजे. कडा पिवळसर झाल्या तर आच जास्त आहे आणि पिठाला भाजकट चव येईल. चिमटीत चुरडल्यावर कोरडा आवाज आला की वाळला. पूर्ण गार करा, मग मिक्सरमध्ये पाच-पाच सेकंद थांबून थांबून फिरवा आणि चाळा. गरम असताना किंवा सलग फिरवलं तर तेल सुटून पूड भांड्याला चिकटते.

हाताने पिळलेल्या चोथ्यात यंत्राने पिळलेल्यापेक्षा जास्त तेल राहतं. त्यामुळे हे पीठ कमी पाणी पितं आणि लवकर खवट होतं. वर सांगितलेली ४० मिलिलिटरची चाचणी केल्याशिवाय ते केकमध्ये घालू नका.

खाताना आणि ठेवताना

सीलिॲक आजार (ज्यात ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होते) असलेल्यांसाठी पीठ मुळात ग्लूटेनमुक्त असतं, पण गहू दळल्या जाणाऱ्या ठिकाणी ते दळलेलं असू शकतं, म्हणून पाकिटावर तसा स्पष्ट उल्लेख पाहूनच घ्या. तंतू इतके जास्त असल्यामुळे सवय नसलेल्या माणसाने पहिल्या दिवशी एक मफिन खावा, चार नव्हे, आणि सोबत पाणी प्यावं. नाहीतर पोट फुगतं.

पीठ हवाबंद डब्यात, कोरड्या जागी ठेवा. ते हवेतली ओलही ओढून घेतं, आणि ओल ओढलेलं पीठ कृतीत कमी दूध पितं. उघडलेलं पाकीट फ्रिजमध्ये ठेवत असाल तर वापरण्याआधी डबा न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत पाणी धरतं. खवट किंवा साबणासारखा वास आला तर टाकून द्या.

तयार केकमध्ये ओल जास्त असते, त्यामुळे मैद्याच्या केकआधी त्याला बुरशी येते. बाहेर एक दिवस, उष्ण दमट हवेत तेवढाही नाही. फ्रिजमध्ये हवाबंद डब्यात चार दिवस टिकतो. त्याहून जास्त ठेवायचा असेल तर पूर्ण गार झालेले तुकडे एकेक गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवा, दोन महिने चांगले राहतात. फ्रिजमधून काढल्यावर लोणी गोठून तुकडा घट्ट लागतो. खाण्याआधी अर्धा तास बाहेर ठेवला, किंवा मायक्रोवेव्हमध्ये १० ते १५ सेकंद गरम केला, की पुन्हा मऊ होतो.